लाजेपायी लपविलेले दुखणे

आमच्या गावांतून आजारपणाविषयी मोकळेपणाने बोलले जात नाही असे नाही. कुणाला खोकला लागला, कुणाचे गुडघे धरले, कुणाच्या रक्तात साखर निघाली, या गोष्टी रविवारी मिस्सानंतर देवळाच्या अंगणातही सहज निघतात. तथापि देहाच्या एका भागाविषयी बाप मुलाशी बोलत नाही, नवरा बायकोशी बोलत नाही, आणि रोगी डॉक्टरांसमोर बसला असतानाही बोलत नाही. पुरुषाच्या शिश्नाच्या टोकावर जी सैल कातडी असते, जिला वैद्यकीय ग्रंथांत अग्रत्वचा असे नाव आहे, तिचे आरोग्य, तिची निगा, आणि तिच्या दुखण्यासाठी डॉक्टरांकडे केव्हा जावे, हा विषय आम्ही आज मुद्दाम हाती घेत आहोत.

धर्मगुरूंनी असल्या विषयावर का लिहावे, असे कोणी विचारील. आजाऱ्यांना भेटावयास घरोघरी जाणे हे आमचे कामच आहे. चार दिवसांच्या मलमाने बरे झाले असते असे दुखणे केवळ लाजेमुळे वाढते, हे अशा भेटींतून कळते. आम्ही वैद्य नव्हे, आणि हा लेख वाचून घरी उपचार करावेत असाही आमचा हेतू नाही. दुखणे हे पाप नव्हे, ते सांगणे हा असभ्यपणा नव्हे, आणि केव्हा सांगावे हे ठाऊक असणे हे गृहस्थाचे कर्तव्य आहे, एवढेच आम्हांला मांडावयाचे आहे.

या बाबतीत आमच्या घरांतून दोन चुका होतात, आणि त्या एकमेकींच्या अगदी उलट आहेत. मूल लहान असते तेव्हा ज्याला हात लावू नये त्याला हात लावला जातो. तेच मूल मोठे झाले म्हणजे जे दाखवावयास हवे ते दाखविले जात नाही.

पहिली चूक न्हाणीघरात होते. तान्ह्या बाळाला पायांवर घेऊन, तेल चोळून, ऊन पाण्याने न्हाऊ घालण्याची आपली रीत चांगली आहे. परंतु काही घरांत आजीबाई किंवा न्हाऊ घालणारी बाई मुलग्याची ही कातडी रोज थोडी थोडी बळाने मागे ओढते. तसे केले नाही तर कातडी कायमची चिकटून राहील आणि पुढे लघवीला त्रास होईल, अशी तिची प्रामाणिक समजूत असते. समजूत प्रामाणिक असली तरी ती खरी नाही. जन्माच्या वेळी ही कातडी आतल्या मण्याला चिकटलेलीच असते. नख जसे बोटाच्या मांसाला धरून असते तशीच ती निसर्गतः धरून असते. वयाबरोबर ती आपोआप सुटत जाते. बळाने ओढल्यास ती फाटते, रक्त येते, आणि जखम भरताना तेथे जाड व्रण धरतो. जी कातडी पुढे आपोआप सैल झाली असती ती या व्रणामुळे खरोखरीच आवळून बसते. म्हणजे ज्या रोगाच्या भीतीने ओढाताण केली तोच रोग ओढाताणीने उत्पन्न होतो.

ही गोष्ट डॉक्टरांनी पुष्कळ मुलांची तपासणी करून पाहिलेली आहे. डग्लस गेअर्डनर या बालरोगतज्ज्ञांनी १९४९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नल या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. नवजात मुलग्यांपैकी शेकडा सुमारे ४ मुलांचीच कातडी पूर्ण मागे सरते, असे त्यांनी दाखविले. गरज नसता केलेल्या शस्त्रक्रियेमुळे इंग्लंड व वेल्समध्ये त्या काळी दरवर्षी पाच वर्षांखालील सुमारे १६ मुले दगावत होती, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. पुढे १९६८ साली डेन्मार्कचे डॉक्टर याकोब ओस्टर यांनी शाळकरी मुलांची वर्षानुवर्षे केलेली तपासणी प्रसिद्ध केली. सहा-सात वर्षांच्या मुलांत शेकडा ६३ जणांची कातडी आतून कोठे ना कोठे चिकटलेली होती; सोळा-सतरा वर्षांच्या मुलांत हे प्रमाण शेकडा ३ वर आले. तोंडाशी कातडी अरुंद असण्याचे प्रमाणही त्याच वयांत शेकडा ८ वरून शेकडा १ वर उतरले. तात्पर्य, तीन वर्षांच्या, पाच वर्षांच्या, किंबहुना दहा वर्षांच्या मुलाची कातडी मागे सरत नसेल आणि त्याला कसलाही त्रास नसेल, तर तो रोग नव्हे. मातापित्यांनी काळाला आपले काम करू द्यावे.

आणखी दोन गोष्टींनी आया घाबरतात. कधी कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी पांढरी गाठ दिसते. तो पू नव्हे. झडलेल्या त्वचेचा तो साठा असतो, कातडी सुटत आली की तो आपोआप बाहेर पडतो, आणि त्याला दाबून काढण्याचे कारण नाही. तसेच लघवी करताना काही मुलांची कातडी क्षणभर फुग्यासारखी फुगते. मूल रडत नसेल, धार चांगली पडत असेल, आणि फुगलेली कातडी लगेच बसत असेल, तर हेही बहुधा वयाबरोबर जाते. तरीही मनाला चैन पडत नसेल तर पुढच्या खेपेस लस टोचावयास जाल तेव्हा डॉक्टरांना विचारावे. विचारण्यास पैसे पडत नाहीत.

निगा म्हणाल तर ती अगदी सोपी आहे. लहान मुलाचा हा भाग बाहेरून साध्या पाण्याने धुवावा आणि टिपून कोरडा करावा. आत साबण घालू नये. कापसाच्या काडीने कोरू नये. जंतुनाशक औषध, हळद, राख किंवा कसलेही तेल आत सोडू नये. कातडी आपोआप मागे सरू लागली म्हणजे मुलाला स्वतः शिकवावे: अंघोळीच्या वेळी ती हलकेच जेथवर सुखाने जाईल तेथवर मागे घ्यावी, पाण्याने धुवावे, कोरडे करावे, आणि लगेच पुन्हा पुढे आणावी. ही शेवटची गोष्ट मुलाला दोनदा सांगावी. ती का, ते पुढे येईल.

आता मूल डॉक्टरांकडे केव्हा न्यावे ते सांगतो. लघवी थेंब थेंब पडत असेल, धार दोऱ्यासारखी बारीक झाली असेल, किंवा लघवी करताना मूल कुंथत व रडत असेल. कातडीचे टोक लाल होऊन सुजले असेल, त्यातून पू किंवा घाण वासाचा स्राव येत असेल. टोकाशी कातडी पांढरी, कडक व भेगाळलेली झाली असेल, कारण एका विशिष्ट चर्मरोगाचे ते लक्षण असू शकते आणि तो रोग आपोआप जात नाही. पूर्वी मागे सरणारी कातडी आता सरेनाशी झाली असेल. लघवीचे छिद्र टोकावर नसून खालच्या बाजूस असेल किंवा शिश्न वाकडे दिसत असेल. मुलगा वयात आला तरी कातडी सरत नसेल व ताणल्यास दुखत असेल. यांपैकी एकही गोष्ट दिसली तर त्याच आठवड्यात दाखवावे. तान्ह्या मुलाला ताप आहे आणि सर्दी-खोकल्यासारखे कारण दिसत नाही, अशा वेळी तर त्याच दिवशी न्यावे. तो ताप लघवीच्या मार्गातील जंतूंचा असू शकतो व लघवी तपासावी लागते.

लघवीचे छिद्र खालच्या बाजूस असलेल्या मुलाविषयी एक वाक्य अधिक लिहितो. अशा मुलाची अग्रत्वचा तज्ज्ञ शल्यचिकित्सकाने पाहण्यापूर्वी कोणालाही कापू देऊ नये. पुढे छिद्र नीट जागी आणण्याच्या शस्त्रक्रियेत हीच कातडी उपयोगी पडते.

काही प्रसंगी आठवडाही थांबता येत नाही. मागे घेतलेली कातडी पुढे न येता मण्याच्या मागे अडकून बसली, तर तेथे दोरी आवळल्यासारखे होते. मणी सुजतो, सूज वाढली की कातडी आणखी घट्ट होते, आणि काही तासांत रक्ताचा पुरवठा तुटण्याची भीती असते. डॉक्टर याला पॅराफायमोसिस म्हणतात. असे झाल्यास रोग्याला निजवावे, थंड पाण्यात पिळलेले स्वच्छ फडके सुजलेल्या भागावर गुंडाळून मुठीत धरावे, काही मिनिटे हलका पण सतत दाब द्यावा, आणि सूज उतरली असे वाटल्यास कातडी हळूच पुढे आणून पाहावी. एका प्रयत्नात ती आली नाही तर दुसरा करू नये. तडक रुग्णालय गाठावे. वाहन नसेल तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. रात्र झाली आहे, सकाळी पाहू, असे म्हणू नये. कातडी पुन्हा पुढे आणण्याविषयी आम्ही मुलाला दोनदा सांगावयास सांगितले ते याचसाठी. लघवी पूर्ण बंद होणे आणि रक्त न थांबणे हेही त्याच क्षणी निघण्याचे प्रसंग आहेत. पँटच्या चेनमध्ये कातडी अडकल्यास ओढाओढ करू नये; भोवतीचे कापड कापून मुलाला तसेच डॉक्टरांकडे न्यावे.

ज्यांच्या घरी वृद्ध पिता अंथरुणाला खिळून आहे आणि त्याला लघवीची नळी बसविलेली आहे, त्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. नळी घालताना किंवा स्वच्छता करताना कातडी मागे घेतली जाते आणि घाईत तशीच राहून जाते. म्हातारा माणूस बोलत नाही, किंवा त्याचे बोलणे कोणी मनावर घेत नाही. रोज अंग पुसताना ती कातडी पुढे आहे ना, एवढे सुनेने नव्हे तर मुलाने पाहावे. बापाची सेवा ती हीच.

दुसऱ्या चुकीकडे आता वळतो. आठ-दहा वर्षांचा मुलगा आईपासून लाजू लागतो, ते योग्यच आहे. पण त्याच वेळी बापाने पुढे यावयास हवे, आणि तो बहुधा येत नाही. मग दुखले तरी मुलगा गप्प बसतो. बापाला फार बोलावे लागत नाही. "बाळा, अंघोळ करताना तेथेही पाण्याने धूत जा, आणि कधी दुखले, सुजले, लघवीला जळजळ झाली तर मला सांग, मी रागावणार नाही," एवढी दोन वाक्ये पुरतात. त्याबरोबर हेही सांगावे की त्या भागाला दुसऱ्या कोणी हात लावू नये. तो कितीही जवळचा, कितीही मोठा, कितीही आदराचा माणूस असो. डॉक्टरांनी तपासावे, पण आई किंवा वडील यांच्यासमक्ष. कोणी तसे केले तर घरी येऊन निःशंक सांगावे, दोष त्याचा नसतो. बाप हे एकदा बोलला की मुलगा पुढे आयुष्यभर बोलू शकतो.

वाढलेल्या पुरुषांचे दुखणे निराळे. ज्याची कातडी वर्षानुवर्षे सुखाने सरत होती ती चाळिशी-पन्नाशीत घट्ट होऊ लागली, तिच्यावर बारीक चिरा पडू लागल्या, खाज व पांढरट थर वारंवार येऊ लागला, तर आधी रक्तातील साखर तपासून घ्यावी. मधुमेहाची पहिली खूण कित्येकदा येथेच दिसते. लघवीतून साखर जाते, त्या साखरेवर बुरशी वाढते, आणि बुरशीने कातडी भेगाळते. अशा रोग्याने केवळ मलम लावले आणि साखर पाहिली नाही तर दुखणे पुन्हा पुन्हा येते व आतील मोठा रोग दडून राहतो. ज्यांना मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या नव्या गोळ्या चालू आहेत त्यांनीही जाणावे की या गोळ्या साखर लघवीवाटेच बाहेर टाकतात, म्हणून हा त्रास त्यांना अधिक संभवतो. गोळ्या मनाने बंद करू नयेत, कारण हृदयाला व मूत्रपिंडांना त्यांचा उपयोग होतो. त्रास मात्र डॉक्टरांना सांगावा आणि जागा स्वच्छ व कोरडी ठेवावी.

नव्याने लग्न झालेल्या तरुणांनाही आम्ही सांगू इच्छितो. कातडी घट्ट असल्यामुळे दांपत्यजीवनात वेदना होत असतील, चीर पडून रक्त येत असेल, तर ते बायकोपासून लपवून तिला टाळू नये. तिच्या मनात भलतेच विचार येतात, आणि ज्याला साधा उपाय आहे अशा गोष्टीने संसारात दुरावा शिरतो. स्राव, फोड किंवा व्रण असेल तर दोघांनीही तपासून घ्यावे; एकाने औषध घेतले आणि दुसऱ्याने घेतले नाही तर रोग दोघांमध्ये फिरत राहतो.

उतारवयाच्या वाचकांसाठी एक गंभीर सूचना. मण्यावर किंवा कातडीखाली दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, गाठ किंवा चामखिळीसारखी वाढ, रक्ताचा डाग किंवा दुर्गंधीयुक्त स्राव दिसल्यास, दुखत नसले तरी, ताबडतोब दाखवावे. या भागाचा कर्करोग विरळा आहे, तरी पाश्चात्य देशांपेक्षा तो आपल्या देशात अधिक आढळतो. वर्षानुवर्षे न उघडणारी कातडी, तंबाखू, आणि एचपीव्ही नावाचा विषाणू ही त्याची ज्ञात कारणे आहेत. तो आरंभी सापडला तर थोडक्या उपचाराने अवयव राखून बरा होऊ शकतो. लाजेत वर्ष गेले तर ते साधत नाही.

औषधाविषयी दोन शब्द. दुकानातून विचारल्यावाचून आणलेले खाजेचे मलम येथे लावू नये. तशा पुष्कळ मलमांत स्टेरॉइड मिसळलेले असते. आधी बरे वाटते आणि मग बुरशी दुणावते. उलट कातडी घट्ट असलेल्या मुलाला डॉक्टर स्वतःच स्टेरॉइडचे मलम चार ते आठ आठवडे लावावयास देतात, आणि बहुसंख्य मुलांना तेवढ्यानेच गुण येतो. औषध तेच, पण कोणी, कोठे व किती दिवस लावावे यात सारा फरक आहे. मलमाने भागले नाही तर शस्त्रक्रियेचा विचार येतो. कधी कातडीचे तोंड रुंद केले जाते, कधी ती काढली जाते. बहुधा रोगी त्याच दिवशी घरी येतो. दुसरा उपाय आहे का, हे डॉक्टरांना विचारण्याचा हक्क मातापित्यांना आहे. घराण्यात कोणाला रक्त न थांबण्याचा विकार असल्यास ते आधीच सांगावे. शस्त्रक्रिया रुग्णालयातच, शिकलेल्या शल्यचिकित्सकाकडूनच करवावी.

येथे एक शंका निघते. "आपण ख्रिस्ती माणसे, आपल्यात सुंता नाही, मग ही शस्त्रक्रिया कशी चालेल?" असे म्हणून काही कुटुंबे डॉक्टरांचा सल्ला मोडतात. प्रभू येशूची आठव्या दिवशी सुंता झाली हे लूकच्या शुभवर्तमानात आहे. पूर्वीच्या पंचांगात १ जानेवारी हा त्याचाच सण होता, आणि १९६९ सालच्या सुधारित पंचांगापासून त्या दिवशी देवमाता मरियेचा सोहळा पाळला जातो. विदेशी लोकांतून आलेल्या भाविकांवर सुंतेचे बंधन नाही, असा निर्णय प्रेषितांनी यरुशलेम येथे दिला, तो प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात वाचावयास मिळतो. त्यांनी धर्मविधी म्हणून असलेले बंधन दूर केले. रोगावरील उपचार हा विधी नव्हे. डॉक्टरांनी गरज सांगितली तर अपेंडिक्सची शस्त्रक्रिया जशी करून घ्याल तशीच हीही निःशंक करून घ्यावी. तिने कोणाचा धर्म बदलत नाही.

ज्यांना डॉक्टरांसमोर शब्द सापडत नाहीत त्यांनी ते घरूनच जुळवून न्यावेत. "डॉक्टर, पुढची कातडी मागे सरत नाही. दोन महिने झाले. खाज आहे, लघवीला जळजळते. साखर तपासलेली नाही." एवढे पुरे. बोलवत नसेल तर चिठ्ठीवर लिहून द्यावे. समोर डॉक्टरीणबाई असल्या तरी मागे फिरू नये. त्यांना हा भाग म्हणजे हातापायासारखाच एक अवयव आहे, आणि हवा असल्यास पुरुष सहायक जवळ मागता येतो. आधी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. तेथून गरजेप्रमाणे पुढे धाडतात: गोव्यातील वाचकांना बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात, बेळगावकडील वाचकांना जिल्हा रुग्णालयात, आणि इतरांना त्यांच्या त्यांच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात.

आमचे मागणे थोडे आहे. लहान मुलाला ओढू नका, आणि मोठ्या माणसाला लपवू देऊ नका. हा लेख घरात मोठ्याने वाचणे अवघड वाटत असेल तर पान उघडे करून बापाने मुलाच्या हाती द्यावे, आणि वाचून झाल्यावर "काही विचारावयाचे आहे का?" एवढे विचारावे.